एकूणातून वजा केले की काकू उरतात

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतल्या एका लेखात असे म्हटले आहे की, पाहण्यांची आणि सर्वेक्षणांची माहिती संस्थांनी कपाटात कोंडून ठेवू नये. नाव, पत्ता, फोन नंबर गाळावा आणि बाकी सगळे छापून टाकावे. अभ्यासकांना उपयोग होतो आणि कुणाचे काही बिघडतही नाही. यातले 'कोंडून ठेवू नये' हे मला पूर्ण पटते. 'कुणाचे बिघडत नाही' हे मात्र पटत नाही, कारण लेखकाने सुचवलेला प्रयोग मी स्वतः करून बसले आहे आणि कुणाचे बिघडले तेही मला ठाऊक आहे. पत्र लांबेल. कात्री लावायची तर माझ्या गप्पांना लावा, आकडे राहू द्या.

मी बडोद्यातल्या एका इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षे काढली. तळघरातली खोली, लोखंडी मांडण्या, सालवार बांधलेले केसपेपरचे गठ्ठे आणि पावसाळ्यात भिंतीला येणारी ओल. डॉक्टर यायचे, वकील यायचे, विम्याची माणसे यायची. अधूनमधून एखादे गृहस्थ हळूच विचारायचे, "ताई, मुलीला स्थळ आलंय. मुलगा दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे ॲडमिट होता म्हणे. नुसतं बघून सांगा, कशासाठी ते." त्यांना मी चहा पाजायची आणि परत पाठवायची. त्यामुळे दुसऱ्याची गोष्ट पोटात कशी ठेवायची हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला. नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली, पाणी समा, फतेहगंज, अकोटा, कारेलीबाग सगळीकडे शिरले, सोसायट्यांच्या आवारात मगरी निघाल्या. आमच्या इथल्या मराठी मंडळाची पोरे ट्रॅक्टर घेऊन दूध आणि खिचडी वाटत फिरत होती. जायचे कुठे हे मात्र कुणालाच धड माहीत नव्हते. एका सोसायटीसमोरून ती दोनदा गेली, आणि त्याच सोसायटीत तळमजल्यावर एक आजोबा पलंगावर पाय वर घेऊन दीड दिवस बसून होते. पलंगाखाली पाणी. फ्रिज बंद, त्यात इन्सुलिन. हे आम्हाला पाणी ओसरल्यावर कळले.

पुढच्या जानेवारीत मंडळाने पाहणी करायचे ठरवले: साठीच्या पुढची आपली मराठी माणसे कुठे राहतात, कितव्या मजल्यावर, एकटी की सोबत कुणी आहे, औषधे कोणती. फॉर्म मी केला, कारण फॉर्म करणे हा माझा धंदाच होता. एकशे बारा घरे झाली. लोकांनी मोकळेपणाने सांगितले. बहुतेक ठिकाणी चहाच्या जोडीला ओला चिवडा आला, आणि जे फॉर्ममध्ये विचारलेच नव्हते तेही सांगून झाले.

गुढीपाडव्याच्या स्मरणिकेत त्याचा दोन पानी तक्ता छापला. पोळ (म्हणजे जुन्या शहरातली गल्लीवजा वस्ती) किंवा सोसायटी, स्त्री की पुरुष, वय, घरात किती जण, मजला, घर स्वतःचे की भाड्याचे, आजार. खाली मीच टीप लिहिली: 'नावे अर्थातच दिलेली नाहीत.' त्यातला 'अर्थातच' मला अजून टोचतो.

त्या तक्त्यात एक ओळ होती. दांडिया बाजाराच्या बाजूची एक पोळ (पोळीचे नाव छापले होते), स्त्री, वय ७४, एकटी, तळमजला, घर स्वतःचे, रक्तदाब, 'मनाच्या आजारावर औषध चालू'. पुण्यात सदाशिव पेठेत चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहणारी मराठी बाई म्हटली तर तुम्ही कुणाला शोधाल? शोधून दमाल. आमच्या त्या पोळीत एके काळी मराठी घरे बावीस होती, आता चार उरली आहेत. त्यातल्या दोघांकडे नातवंडे आहेत आणि एका घराला कुलूप आहे. पुण्यात 'मराठी' हा रकाना कुणी वाचणारही नाही. बडोद्यात तो रकाना म्हणजे अर्धे नाव, आणि पोळ म्हणजे उरलेले अर्धे.

स्मरणिकेच्या प्रती तीनशे. त्या मंडळातच राहिल्या असत्या, पण कुणीतरी तिची पीडीएफ केली आणि ती व्हॉट्सॲपवरून पुणे, ठाणे करत थेट न्यू जर्सीला पोचली. त्या ओळीतल्या काकूंच्या पुतण्याचा तिकडून फोन आला: "काकू, तुम्हाला काय झालंय? आम्हाला कुणी सांगितलंच नाही." मग पंधरा दिवसांनी एक दलाल दारात उभा राहिला. "मासी, तुम्ही एकल्याच राहता ना, एवढं घर सांभाळायचं कसं?" तो तक्ता पाहूनच आला होता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, जुन्या पोळींतून असे लोक तसेही फिरत असतात. पण काकूंना तसेच वाटले, आणि तसे वाटण्याचे कारण मी छापले होते.

मी माफी मागायला गेले. काकू ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "अगं, नाव छापलं असतंस तरी परवडलं असतं. निदान आधी मला विचारावं तरी लागलं असतं तुला."

एकतीस वर्षांत एवढे शहाणपणाचे मला कुणी बोलले नव्हते. नाव गाळले की आपले कर्तव्य संपले असे आपण धरून चालतो, आणि नाव नाहीच तर विचारायचे कशाला, हेही त्यातच येते. गाळलेले नाव हे त्या माणसाचे संरक्षण कमी आणि आपली सोय जास्त.

त्यानंतर मी एक उद्योग केला. मतदारयादी घेतली. ती कुणालाही मिळते: घर नंबर, नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, स्त्री की पुरुष, सगळे त्यात असते. स्मरणिकेचा तक्ता डावीकडे, यादी उजवीकडे, हातात पेन्सिल. आडनावावरून मराठी घर ओळखू येतेच. चहाचे दोन कप होईपर्यंत निम्म्याहून जास्त ओळींना नावे लागली. मी ज्या घरांत गेलेच नव्हते, जिथे दुसऱ्या कार्यकर्त्यांनी फॉर्म भरले होते, त्या घरांच्यासुद्धा. तेवढ्यात नातवाने विचारले, "आजी, कोडं सोडवतेस का?" मी हो म्हणाले.

हाच उद्योग अमेरिकेत एका विद्यार्थिनीने माझ्या फार आधी केला होता, हे मला नंतर वाचनात आले. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विमा मंडळाने सरकारी नोकरांच्या इस्पितळातल्या नोंदी नावे काढून अभ्यासकांना दिल्या होत्या. कुणाच्याही खाजगीपणाला धक्का लागणार नाही, असा भरवसा खुद्द राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी दिला होता. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी वीस डॉलर देऊन केंब्रिज गावची मतदारयादी विकत घेतली. राज्यपालांची जन्मतारीख असलेले गावात सहा जण, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा एकच. पुढे याच बाईंनी १९९० च्या जनगणनेवरून हिशेब मांडला की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसे एकेकटी वेगळी काढता येतात. मला त्या टक्केवारीपेक्षा ते वीस डॉलर जास्त लक्षात राहिले. माझे वीस डॉलरही गेले नाहीत.

तुमचे वाचक म्हणतील, मग नावाऐवजी नंबर द्या. तोही अनुभव सांगते. आमच्या मंडळाच्या वाचनालयात पूर्वी प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला एक कार्ड असे. त्यावर तारीख आणि सभासद क्रमांक. नाव कधीच नसे. मी आणि माझी मैत्रीण, वय वर्षे पंधरा, सुट्टीत दुसरे काम नाही. २१२ नंबर प्रत्येक डिटेक्टिव्ह कादंबरीवर सापडायचा, आणि दर वेळी तारीख शनिवारची. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर वाचनालयात कोण येते ते आम्हाला माहीत होते: आमचे संस्कृतचे सर. मग २१२ नंबरने दुसरे काय काय नेले ते आम्ही शोधत बसलो, आणि एका उन्हाळ्यात सरांनी लागोपाठ चार पुस्तके हृदयविकारावरची नेली होती ती आम्हाला सापडली. त्यांच्या घरीही तेव्हा कुणाला माहीत नसावे. आम्ही ते कुणाला सांगितले नाही, पण त्यानंतर वर्गात सरांकडे बघताना अवघडायला व्हायचे.

नेटफ्लिक्सने २००६ मध्ये केले ते हेच, फक्त मोठ्या मापाने. सुमारे चार लाख ऐंशी हजार ग्राहकांनी सिनेमांना दिलेले दहा कोटी गुण, नावांच्या जागी नंबर घालून, स्पर्धेसाठी जाहीर केले. अरविंद नारायणन आणि व्हिटाली श्मॅटिकोव्ह या दोघांनी २००८ मध्ये दाखवून दिले की एखाद्याने आठ सिनेमांना दिलेले गुण माहीत असले, त्यातले दोन साफ चुकीचे असले आणि तारखा चौदा दिवसांनी मागेपुढे असल्या, तरी शंभरातल्या नव्याण्णव जणांची ओळ वेगळी काढता येते. कंपनीला दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द करावी लागली. नंबर माणसाला लपवतो खरा, पण त्या माणसाच्या सगळ्या सवयी एका दोऱ्यात ओवूनही ठेवतो. दोऱ्याचे एक टोक सापडले की झाले.

आता मंडळाने पुढे काय केले ते सांगते, कारण मला त्याचाही तेवढाच राग आहे. काकूंच्या प्रकरणानंतर कार्यकारिणी इतकी घाबरली की पुढच्या अहवालात छापून आले: 'आपल्या समाजातील काही ज्येष्ठांना आपत्काळात मदतीची आवश्यकता भासू शकते.' बस. याला एकशे बारा घरे कशाला फिरायला हवीत? घरी बसून लिहिता आले असते. आधीच्या त्या बदनाम तक्त्याने निदान एक काम केले होते. तो पाहून एका औषध दुकानदाराने आपणहून विचारले की इन्सुलिनवाले कुठल्या भागात जास्त आहेत, म्हणजे वीज गेली तर बर्फाची पेटी तिकडे ठेवतो. 'काही ज्येष्ठ' असे छापल्यावर तो पेटी कुठे ठेवणार?

माहिती दडवण्याचा तोटा मी नोकरीत डोळ्यांनी पाहिला आहे. एका पावसाळ्यात काविळीचे पेशंट एकदम वाढले. एक तरुण निवासी डॉक्टर दुपारभर माझ्या टेबलाशी बसला आणि केसपेपरवरचे पत्ते शहराच्या नकाशावर टिंबांनी मांडत राहिला. संध्याकाळी त्या नकाशावर एक शेरी, म्हणजे गल्ली, काळी झाली होती. तिथे पाण्याच्या नळाशेजारून गटार जात होते. १८५४ मध्ये लंडनला जॉन स्नो यांनी कॉलऱ्याच्या मृत्यूंचे पत्ते तपासून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवले आणि मग त्यांचा नकाशा काढला, त्याच घराण्यातले हे काम. त्या दिवशी मी त्या मुलाला पत्त्यांऐवजी फक्त पिनकोड दिला असता, तर ३९०००१ मध्ये कावीळ आहे एवढेच कळले असते. ३९०००१ मध्ये अर्धे जुने बडोदे येते.

मग मधला रस्ता कोणता? मी ज्यात हात घातला तेवढे सांगते.

पहिल्यांदा मी सरकारी तक्त्यांसारखे केले: जिथे आकडा पाचाच्या आत, तिथे फुली. पोळवार तक्त्यात 'मनाचे आजार' या रकान्यात एका पोळीपुढे फुली आली. मी खूश. नातू आठवीत आहे. तो म्हणाला, "आजी, खाली एकूण सदतीस लिहिलंय. बाकीच्यांची बेरीज छत्तीस. म्हणजे फुली म्हणजे एक." मी बघतच राहिले. फुली मारायची तर आणखी एखाद्या आकड्यावर मारावी लागते, नाहीतर एकूणच गोल करावे लागते. वर्षावर्षाच्या तक्त्यांचेही तसेच. गेल्या वर्षी सात, यंदा सहा, आणि मधल्या काळात पोळीत एकच माणूस वारला, की त्याचा आजार गावाला कळला.

मग मी गट मोठे केले. पाच-सहा पोळी मिळून एक भाग, वय नेमके न देता साठी, सत्तरी, ऐंशी असे टप्पे, आणि प्रत्येक गटात किमान पाच जण. एकासारखी दिसणारी आणखी चार माणसे असली की बोट नेमके कुणाकडे दाखवायचे, असा यामागचा विचार. कागदावर छान दिसते. पण कारेलीबागेतल्या ऐंशीच्या पुढच्या पुरुषांचा गट केला तेव्हा सहा जण निघाले आणि सहाच्या सहा जणांना प्रोस्टेटचा त्रास! आता गटात सहा असून मी झाकले काय? ज्याला शेजारच्या आजोबांचे वय माहीत आहे त्याला त्यांचा आजारही कळला. हसू नका, त्यातले एक आमचे माजी अध्यक्ष आहेत.

नाण्याची युक्तीही करून पाहिली. स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे सोपे रूप. प्रश्न नाजूक असेल तर माणसाने कुणाला न दाखवता नाणे उडवायचे. छाप पडला तर खरे उत्तर द्यायचे; काटा पडला तर नाणे पुन्हा उडवायचे आणि छापाला 'हो', काट्याला 'नाही' म्हणायचे. शंभरातल्या सुमारे पंचवीस जणांचे 'हो' नुसत्या नाण्याचे, हे आपल्याला आधीच माहीत असते. म्हणून पस्तीस 'हो' आले, तर जादाचे दहा, त्यांची दुप्पट वीस. म्हणजे शंभरातल्या साधारण वीस जणांचे खरे उत्तर 'हो' आहे. नेमके कुणाचे, ते विचारणाऱ्यालाही कळत नाही आणि कुणी पुढे गळ्याशी आले तरी 'ते नाण्याचे होते' असे म्हणता येते. २००६ मध्ये सिंथिया ड्वोर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिफरन्शियल प्रायव्हसी नावाचे जे गणित मांडले त्याच्या मुळाशी अशीच मुद्दामची भेसळ आहे: किती भेसळ केली तर किती झाकले जाते याचा त्यात चोख हिशेब असतो. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेचे आकडे याच पद्धतीने थोडे थोडे हलवून जाहीर केले. राज्यांची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली. लहान गावांचे आकडे बिघडले म्हणून तिथे ओरडही झाली.

ती ओरड मला समजते. कोट्यवधींच्या देशात भेसळ विरून जाते. आमच्या पोळीत माणसे नऊ. नऊ जणांनी नाणी उडवली तर उत्तरे नाण्यांचीच येतात, माणसांची येत नाहीत. (शिवाय आमच्या एका काकांनी नाणे उडवले, ते कोचाखाली गेले आणि मुलाखत तिथेच संपली.)

देशपातळीवरची मोठी सर्वेक्षणे आणखी एक करतात. आपले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ज्या आंतरराष्ट्रीय मालिकेतले आहे, तिच्यात पाहणी झालेल्या वस्तीचे नकाशावरचे ठिकाण जाहीर करताना मुद्दाम सरकवतात: शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात पाच किलोमीटरपर्यंत, आणि खेड्यांतल्या शंभरात एखादे दहापर्यंत. जिल्ह्याचे आरोग्य अभ्यासायला त्याने काही बिघडत नाही. पण जुन्या शहरातल्या मांडवीपासून दोन किलोमीटर सरकले की माणूस कुठल्या कुठे जातो, आणि पुरात मदतीला निघालेली होडी तर भलत्याच दारात. एकाच उपायाने सगळ्यांचे भागत नाही ते यामुळे. अभ्यासकाला चालेल ते होडीवाल्याला चालत नाही, आणि होडीवाल्याला जे हवे ते छापण्याची मुळात गरजच नसते.

हे लक्षात यायला मला एक पूर, एक स्मरणिका आणि काकूंचे ते वाक्य लागले. मी एकाच तक्त्याकडून सगळी कामे करून घ्यायला निघाले होते. होडीला नाव, घर आणि मजला लागतो, वय-आजार नंतर. ते एका वहीत राहील, वही दोघांकडे, फोटो काढायचा नाही. दुकानदाराला फक्त भागवार आकडा लागतो: फ्रिजमधली औषधे घेणारे किती. आजारांचा तक्ता छापायचा तर त्यात जागा नको, आणि जागांचा छापायचा तर त्यात आजार नको. यात तोटा आहे. 'तळमजल्यावर राहणारे मधुमेही कुठे किती' हा प्रश्न छापील अहवालावरून आता कुणालाच सोडवता येणार नाही, आणि पुरात नेमका तोच पडला होता. उद्या एखाद्या समाजकार्याच्या विद्यार्थिनीला हवा असेल, तर तिने मंडळात यावे, वहीसमोर बसावे, हिशेब करावा आणि उत्तर घेऊन जावे. वही तिथेच राहील. हे मला आजही थोडे खटकते, पण यापेक्षा बरे काही सुचलेले नाही.

कायद्याचे म्हणाल तर खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगून ठेवले आहे. जनगणनेच्या कागदांना १९४८ च्या कायद्याच्या कलम १५ चे कवच आहे; ते कुणाला बघता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. आमच्या स्मरणिकेला असले कवच कुठले? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी आणलेल्या २०१९ च्या विधेयकात नाव गाळलेल्या माहितीवरून पुन्हा माणूस ओळखून काढणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद होती. ते विधेयक मागे घेतले गेले, आणि २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात ते कलम नाही. म्हणजे त्या संध्याकाळी पेन्सिल घेऊन मी जे केले, ते करणाऱ्याला हा कायदा गुन्हेगार म्हणत नाही. आपल्या लेखकांनी याबद्दल दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

या पत्राखाली माझे नाव छापू नये ही विनंती. अर्थात इस्पितळाची रेकॉर्ड रूम, मराठी बाई, मंडळ आणि आठवीतला नातू एवढ्यावरून बडोद्यात मी एकटीच निघते, हे मी मोजून पाहिले. म्हणून माझ्याबद्दलच्या दोन आणि काकूंबद्दलच्या तीन गोष्टी मी या पत्रात मुद्दाम बदलल्या आहेत. कोणत्या ते सांगणार नाही. मंडळातले लोक मला तरीही ओळखतील, त्याला माझी हरकत नाही. काकूंचे मात्र मी परस्पर ठरवलेले नाही. मसुदा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि एक वाक्य खोडायला लावले. मी खोडले.

मसुद्याबरोबर मी नवा फॉर्मही नेला होता. त्यात शेवटी आता एक रकाना वाढवला आहे: 'यातले काय छापले तर चालेल?' काकूंनी मजल्यापुढे 'तळ' लिहिले, सोबत कोण याच्यापुढे 'कुणी नाही', आजाराचा रकाना मोकळा सोडला. शेवटच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून बसल्या आणि मग तिथे रेघ ओढली. खाली कोपऱ्यात फोन नंबर लिहिला. मी म्हटले, "काकू, फोन नंबर फॉर्ममध्ये विचारलेलाच नाही." म्हणाल्या, "तो वहीत घे. पाणी आलं तर लागेल."

काकू मंडळाच्या भजनाला मात्र अजून येत नाहीत.

आपली,
एक वाचक, बडोदे